हिल्डाबाईंचं क्रियापद

टॉडमॉर्डनचा वृद्धाश्रम, खोली नंबर सात.
हिल्डा ग्रीनवुड, वय एक्याण्णव.
त्यातली एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली,
म्हणून अजून ओठ मोठे हलवून बोलते,
समोरच्याच्या कानांवर तिचा भरवसा नाही.

रात्री अडीचला घंटी वाजली.
‘आयाम स्टार्व्ह्ड, लव्ह,’ म्हणाली.

एफुआ घानाची. केप कोस्टच्या शाळेत
क्वान्साह मास्तरांनी छडी आपटून शिकवलेलं:
स्टार्व्ह म्हणजे उपासमार होणे. वाक्यात उपयोग करा.
तिनं उपयोग केला.
टोमॅटोचं सूप गरम केलं, पावाला लोणी लावलं.
हिल्डानं वाडगा घेतला, तोंडाला लावला नाही.
दोन्ही तळव्यांत धरून बसली,
घरात शिरलेलं पाखरू धरावं तशी.

सकाळी सूप तसंच. वर साय.
वहीत नोंद: भूक लागली म्हणते. खात नाही.
दुसऱ्या रात्री तेच.
तिसऱ्या रात्री तांदळाची खीर, आणि नोंद:
गोंधळलेली वाटते.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. वजन केलं,
वार विचारला, महिना विचारला,
पंतप्रधान कोण, तेही विचारलं.
‘असेल कुणीही,’ हिल्डा म्हणाली,
‘खिडकी लावायला थोडाच येणाराय?’
डॉक्टर हसले.
खिडकीकडे कुणी पाहिलं नाही.

मग चादरी बदलायला आलेल्या डोरीननं
सहज वही चाळली आणि कपाळावर हात मारला.
‘अगं बाई, भूक कसली, गारठलीय ती!
इथं स्टार्व्ह्ड म्हणजे थंडीनं काकडलेली.
आई ओरडायची आमची,
दार लाव, स्टार्व्ह करशील सगळ्यांना.’

एक लोकरी ब्लँकेट. फटीत कोंबलेलं वर्तमानपत्र.
बस, एवढंच हवं होतं.

शब्दाची कुळकथा जुनी आहे.
कधीकाळी त्याचा अर्थ होता निव्वळ मरणं.
तापानं, तलवारीनं, म्हातारपणानं, कशानंही.
मग (बहुधा) उत्तरेकडच्या बोटींतून
‘डाय’ उतरला, आणि हळूहळू
घरचा सगळा कारभार त्यानं हातात घेतला.
थोरल्याकडे उरली किरकोळ कामं:
कुणाकडे भुकेची, कुणाकडे थंडीची.
दक्षिणेनं एक ठेवलं, या टेकड्यांनी दुसरं जपलं.
आणि मरणाचं तर दोघांनीही चेष्टेवारी नेलं,
जेवायला दहा मिनिटं उशीर झाला तरी स्टार्व्हिंग.

आपण तरी कुठे वेगळे?
कुडकुडणं आहे, काकडणं आहे, हुडहुडी आहे,
तरी म्हणतोच की, मेलो रे थंडीनं,
आणि ताट आलं की जिवंत होतो.

खोली नंबर नऊमधला होर्स्ट
युद्धकैदी म्हणून आला, डोरीनच्या आत्याशी लग्न करून राहिला.
रंगाच्या कारखान्यात इंग्रजी शिकला, उच्चार मात्र तिकडचेच.
भिंतीपलीकडून हिल्डाची हाक ऐकली
की अंथरुणात उठून बसायचा.
त्याच्या आईच्या भाषेत तो शब्द
अजून पहिल्याच कामावर आहे.
‘ष्टेर्बन,’ तो एफुआला हळूच म्हणाला,
‘दरवेळी वाटतं, ती ते सांगतेय.’

मार्चमध्ये एका रात्री घंटी वाजली.
एफुआ ब्लँकेट घेऊन गेली. मग काय वाटलं कोण जाणे,
सूपही करून आणलं.
हिल्डानं वाडगा तळव्यांत घेतला.
शब्दाच्या मुळाशी म्हणे ताठरणंच आहे.
गाठी पकडायच्या सवयीची ती बोटं
उघडायला एफुआला वेळ लागला. सूप कोमट होतं.
वहीच्या रकान्यात तिनं फक्त वेळ लिहिली.

पहाटे बसस्टॉपवरून आईला फोन.
वारा टेकडीवरून सरळ कोटात घुसत होता.
‘कशी आहेस?’
‘स्टार्व्ह्ड,’ एफुआच्या तोंडून निघून गेलं.
केप कोस्टला भांडी वाजली, आईचा आवाज चढला,
‘का? जेवली नाहीस? काय खाल्लंस काल?
खरं सांग.’